धाकटीचा रिपोर्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, तिकोणा पेठ येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू लॅबमध्ये आहेस, तर आरोग्यावर काहीतरी बोल, वीस मिनिटं." मी म्हटलं, शुगर आणि बीपीवर बोलणारे बरेच आहेत. आपण सगळे पन्नाशीला टेकलोय, त्यामुळे ऐकणारेही बरेच आहेत. पण मला दुसरंच बोलायचं आहे. विषय माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ती आपल्याच शाळेतली, पाच वर्षं मागची. ती इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि बोल म्हणून तिनेच सांगितलं आहे. माझं टिपण तिने काल रात्री वाचलं आणि दोन ठिकाणी खोडलंसुद्धा. तर जे उरलंय ते सांगतो.

सुरुवात मात्र कुत्र्यापासून करतो. १९८८ साली आपल्या वर्गातल्या एकाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, आठवतंय? तो आज आला आहे, मघाशी वडापाव वाटत होता. त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज एसटीने कामशेतला जायचा आणि दुसऱ्या दिवशी शर्ट वर करून आपल्याला पोट दाखवायचा. आपण फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायचो: आज सहावं, आज सातवं. सर तो आकडा पुसायचे नाहीत, शेजारी गणित लिहायचे.

ती लस कशाची होती हे मला लॅबचं शिक्षण घेताना कळलं. मेंढीच्या मेंदूची! मेंढीला रेबीजचा विषाणू टोचायचा, तिचा मेंदू काढून वाटायचा, फिनॉलने विषाणू मारायचा आणि ते पाणी माणसाच्या पोटात टोचायचं. डेव्हिड सेम्पल या इंग्रज डॉक्टरने १९११ च्या सुमारास कसौलीला ही लस तयार केली आणि आपल्या देशात ती २००४ संपेपर्यंत चालली. तिने असंख्य माणसं वाचवली, आपला मित्रही वाचला. पण काही थोड्या लोकांना ती लस घेतल्यावर पायातली ताकद जाणं, लघवी अडणं, शुद्ध हरपणं असले त्रास व्हायचे, आणि काही दगावायचे. त्यात रेबीजचा दोष नव्हता. मेंढीच्या मेंदूत मज्जातंतूंवरचं जे आवरण असतं, तसंच आपल्या मेंदूतही असतं. शरीराने मेंढीच्या आवरणाविरुद्ध फौज तयार केली आणि ती फौज घरच्याच आवरणावर चालून गेली. थायलंडच्या डॉक्टरांनी १९८७ साली अशा रुग्णांमध्ये त्या आवरणातल्या एका प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवून दिल्या.

(आता घाबरून कुणी लस चुकवू नका. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर करतात, तिच्यात मेंदूचा कणही नसतो आणि ती दंडात घेतात. कुत्रं चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.)

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की अँटीबॉडी म्हणजे काय ते तुमच्या डोळ्यांपुढे यावं. मराठी पुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणतात. कोविडने हा शब्द घराघरात नेला, पण त्यात ती फक्त चांगलीच असते असा समज झाला. अँटीबॉडी डोळ्यांनी बघत नाही. ती आकार चाचपते. भात बेणायला पहिल्यांदाच आलेली शहरातली सून असते ना, ती पान चाचपून गवत समजून भाताचीच काडी उपटते. तिला दोष देण्यात अर्थ नसतो. पान खरोखरच सारखं असतं.

आता धाकटीचं. तिचं लग्न धरणापलीकडच्या गावात झालं. २००८ च्या दिवाळीनंतर तिचे हात दुखायला लागले. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, भाकरी थापता यायची नाही. तोंडात फोड यायचे, पण ते दुखायचे नाहीत, म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. केस इतके गळायचे की सासूबाई म्हणायच्या, "उंबऱ्यात रोज गुंतवळ सापडतंय." एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि तो कागद दाजींनी माझ्याकडे आणला, कारण मी लॅबवाला.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. पांढऱ्या पेशी २,८००. त्या ४,००० च्या वर असायला हव्यात. त्यातल्या लिम्फोसाइट १८ टक्के, म्हणजे साधारण पाचशे. हजाराच्या वर तर नक्कीच हव्यात. मी कागद पाहिला आणि म्हणालो, "व्हायरल असेल, पेशी आपोआप वाढतील." आठ वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस होतो मी तेव्हा. हात दुखतात, केस गळतात, पेशी कमी आहेत, या तीन गोष्टी कुणा परक्या बाईच्या असत्या तर कदाचित माझ्या डोक्यात काहीतरी आलं असतं. पण घरचा कागद आपण भावासारखा वाचतो, लॅबवाल्यासारखा वाचत नाही.

पुढच्या आषाढात लावणीच्या दिवसांत तिला ताप आला. चार दिवसांत ताप उतरला आणि तिची झोप गेली. रात्री उठून अंगणात उभी राहायची. धरणाचं पाणी आपल्याशी बोलतं म्हणायची. सासूबाई चहात काहीतरी घालतात, असं म्हणून तिने चहा सोडला. स्वतःच्या मुलीला तिने एकदा विचारलं, "तू कुणाची गं?" मुलगी सहा वर्षांची होती. हे वाक्य ठेवायचं की खोडायचं, यावर काल रात्री आमचा बराच वेळ गेला. तिने ठेवलं.

पुढचं तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे, कारण आपल्या भागात बातमी एसटीच्या आधी पोचते. बाहेरचं लागलं म्हणाले. देवऋषी झाला, अंगारा झाला, दोन मंगळवार झाले. कुणी म्हणालं, सासरी जाच असणार. कुणी म्हणालं, यांच्या घराण्यातच आहे. मी शहरात राहणारा, विज्ञान शिकलेला, मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मानसिक आहे, डॉक्टरला दाखवा." मला तेव्हा आपण फार पुढारलेले आहोत असं वाटलं होतं. तसं पाहिलं तर देवऋषीने आणि मी सारखीच चूक केली. दोघांनीही तिच्या डोक्याकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे आणि त्या कागदाकडे पाहिलं नाही.

पाहिलं ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी. वयस्क होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आ करा." तोंडातले फोड पाहिले. गालांवरचा लालसर पट्टा पाहिला. आम्ही तो लावणीतल्या उन्हाचा समजत होतो. जुने कागद मागितले. पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर त्यांनी पेनने गोल केला आणि म्हणाले, "हा आकडा आणि हिचं बोलणं, दोन्हीला एकच कारण असू शकतं. आधी रक्त तपासू."

ते रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःच तपासलं.

बाई, तुम्ही आम्हाला कांद्याची साल दाखवली होती. अख्ख्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक, तोही लाकडी पेटीत कुलूपबंद, वर्षातून एकदा निघायचा. रांगेत एकेकाला दहा सेकंद. मला त्या दहा सेकंदांत काहीच दिसलं नव्हतं, पण "दिसलं" म्हणालो. आज कबूल करतो. आमच्याकडची तपासणी त्याचाच पुढचा प्रकार आहे. काचेवर माणसाच्या पेशी वाढवलेल्या असतात. त्यावर रुग्णाच्या रक्तातलं पातळ केलेलं सीरम टाकायचं. त्यात त्या पेशींना चिकटणारी अँटीबॉडी असेल तर ती चिकटते, नसेल तर धुतल्यावर निघून जाते. मग चमकणारा रंग जोडलेलं दुसरं द्रव्य टाकायचं, ते त्या अँटीबॉडीला चिकटतं. अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली बघायचं. निरोगी माणसाची काच बहुतेक काळीच दिसते. धाकटीच्या काचेवर सगळ्या पेशींची केंद्रकं हिरवीगार पेटलेली होती. श्रावणात तिकोण्याच्या पायथ्याला काजवे नसतात, ते जूनमध्येच संपतात, पण मला तेच आठवले. मी खुर्चीत बसून राहिलो. मग डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. पाठीतलं पाणी तपासून टीबी आणि बाकीचा संसर्ग नसल्याची डॉक्टरांनी खात्री केली. आजाराचं नाव होतं ल्यूपस, लांब नाव एसएलई.

ल्यूपसमध्ये शरीर स्वतःविरुद्धच अँटीबॉडी बनवतं. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात आणि त्याही बहुतेक तरुण. सांधे, कातडी, मूत्रपिंड, रक्त, कुठेही धक्का बसतो. पण मला अडलेला प्रश्न वेगळा होता. त्या डॉक्टरांनी पेनने केलेला गोल माझ्या डोक्यातून जाईना. पांढऱ्या पेशी कमी होणं आणि माणूस स्वतःच्या लेकीला न ओळखणं, यांचा संबंध काय?

त्यावर मी पुढे बरंच वाचलं. गंमत म्हणजे याची सुरुवात उंदरापासून होते. १९६४ साली अमेरिकेत आर्नोल्ड राइफ आणि जोन अॅलन या दोघांना उंदराच्या थायमस ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशींवर एक खूण सापडली. थायमस म्हणजे छातीतली ग्रंथी, लिम्फोसाइटची शाळाच म्हणा. ती खूण आणखी कुठे आहे म्हणून त्यांनी शोधलं, तर ती मेंदूत निघाली. पहारा करणारी पेशी आणि विचार करणारी पेशी, दोघींच्या अंगावर एकच खूण. आता याचं मला फारसं नवल वाटत नाही. शरीरातल्या बहुतेक पेशी आपापल्या जागी गप्प बसून काम करतात. सतत एकमेकींना स्पर्श करून निरोप देणाऱ्या, मागचं लक्षात ठेवणाऱ्या पेशी मुख्यतः या दोनच जातींच्या. सारखं काम करणाऱ्यांची अवजारं सारखी असायचीच.

मग १९७० साली लॉस एंजेलिसला पॉल टेरासाकी आणि सहकाऱ्यांनी ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात लिम्फोसाइट मारणाऱ्या अँटीबॉडी दाखवल्या. (हे टेरासाकी जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्यांच्या कुटुंबाला छावणीत डांबलं होतं, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. आपलं स्वतःचं कोण आणि परकं कोण, या प्रश्नावर अशा माणसाने आयुष्य घालवलं, हे मला राहून राहून आठवतं.) म्हणजे पेशी कमी का होतात त्याचं एक कारण मिळालं. आणि १९७६ साली कॅलिफोर्नियातच ब्लूस्टीन आणि झ्वायफ्लर या दोन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. लिम्फोसाइट मारणारं ल्यूपसचं सीरम घेतलं आणि ते माणसाच्या मेंदूच्या वाटलेल्या ऊतींमध्ये मिसळून ठेवलं. नंतर ते सीरम पुन्हा लिम्फोसाइटवर टाकलं, तर त्याचा मारा ओसरला होता. त्या अँटीबॉडी मेंदूला चिकटून तिथेच राहिल्या होत्या. म्हणजे रक्तातल्या पेशी मारणारी आणि मेंदूला धरणारी अँटीबॉडी एकच होती, निदान त्यातला मोठा भाग तरी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी उठून तो २००९ च्या आधीचा कागद काढला. लिम्फोसाइट पाचशे. ती बातमी सहा महिने आधी माझ्या हातात होती.

एक शंका तुम्हाला येईल, मलाही आली. अँटीबॉडी सहा महिने रक्तात होती, तर डोकं तेव्हाच का नाही बिघडलं? रक्त आणि मेंदू यांच्यात एक बंदिस्त भिंत असते, ती अँटीबॉडीला सहसा आत सोडत नाही. न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं, की ल्यूपसमधल्या डीएनएविरोधी अँटीबॉडींपैकी काही मेंदूतल्या निरोप घेणाऱ्या एका रिसेप्टरलाही चिकटतात. आठवणी साठवण्यात त्या रिसेप्टरचा मोठा वाटा असतो. मग त्यांनी उंदरांच्या रक्तात अशा अँटीबॉडी तयार होऊ दिल्या. उंदीर ठणठणीत राहिले. जंतूंच्या आवरणातलं द्रव्य टोचून भिंत सैल केली, तेव्हा आठवणीच्या भागातल्या पेशी मेल्या आणि उंदरांना शिकलेली वाट आठवेना. अॅड्रिनॅलिनने, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या द्रव्याने, भिंत सैल केली तेव्हा इजा भीतीच्या भागात झाली. दार कुठलं उघडलं त्यावर घरात काय मोडणार ते ठरलं. धाकटीच्या बाबतीत लावणीतल्या तापानेच दार उघडलं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि ल्यूपसमध्ये मेंदू बिघडायला रक्ताच्या गुठळीपासून इतर कारणंही असतात. पण ताप आणि झोप जाणं यांच्यातले ते चार दिवस मला आता कोडं वाटत नाहीत.

असाच दुसरा एक आजार २००७ साली डॉ. डाल्माऊ यांनी ओळखला, त्याच जातीच्या रिसेप्टरवरच्या अँटीबॉडीचा. त्यात चांगली हसतीखेळती मुलगी पंधरा दिवसांत भलतंच बोलू लागते, झटके येतात, अंग वाकडंतिकडं होतं. आपल्याकडे त्याला काय म्हणतील ते सांगायला नको. परदेशातही आधी वेडाच्याच दवाखान्यात नेतात. त्यावर इलाज आहे आणि तो वेळेत मिळाला तर बहुतेक जण बरे होतात.

धाकटीला तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं, मग दर महिन्याला एक याप्रमाणे सहा मोठी इंजेक्शनं. चेहरा सुजला, होते तेही केस गेले. स्टिरॉइडनेही डोकं फिरू शकतं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस आम्हाला कळेना की काय आजाराचं आणि काय औषधाचं. सासूबाई दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिल्या. ज्यांच्या चहावर तिने संशय घेतला, त्याच तिला चमच्याने चहा पाजत होत्या, आधी स्वतः एक घोट घेऊन दाखवत होत्या. गणपती होऊन गेले आणि एक दिवस तिने दाजींना विचारलं, "लावणी पुरी झाली का?" पिकं तेव्हा पोटरीला आली होती. दाजी बाहेर जाऊन रडले.

त्यानंतर दोनदा आजाराने डोकं वर काढलं, दोन्ही वेळा आम्ही आकडे बघून आधीच ओळखलं. आता पांढऱ्या पेशी उतरल्या की मी व्हायरल म्हणत नाही. ती रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी घेते, ही मूळची हिवतापाची. वर्षातून एकदा डोळे तपासते. उन्हात जाताना बाह्या लांब, डोक्यावर टोपी आणि तोंडाला क्रीम, त्यामुळे बचत गटातल्या बायका तिला हिरॉइन म्हणतात. काही आठवणी मात्र गेल्या त्या गेल्याच. २००९ चा पावसाळा तिच्याकडे नाही. ती वही ठेवते, सगळं लिहून ठेवते, गटाचा हिशोबही तिच्याइतका कुणाचा चोख नाही.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी नावाची संस्था आहे. तिथे आपल्या भागातल्या ल्यूपस रुग्णांच्या अँटीबॉडींवर काम झालं आहे. सांगायचं कारण, हा काही फक्त अमेरिकेतला आजार नाही. आणि हेही सांगतो, की मी हिरवा उजेड दिसणारी जी तपासणी सांगितली ती निरोगी माणसांतही कधीकधी पॉझिटिव्ह येते. उद्या सकाळी सगळ्यांनी माझ्या लॅबच्या दारात रांग लावू नका. डॉक्टरांना वाटलं तरच करायची. पण घरातल्या बाईचं वागणं अचानक बदललं, आणि तिचे सांधे दुखत असतील, केस जात असतील, तोंड येत असेल, उन्हाने गाल लाल होत असतील, लघवीला फेस असेल, तर डॉक्टरांना हे सगळं एका दमात सांगा. आपण एक दुखणं हाडाच्या डॉक्टरला सांगतो, दुसरं कातडीच्या, तिसरं देवऋषीला, आणि ते तिघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

धाकटीने काल आणखी एक सांगितलं. म्हणाली, "त्यांना सांग, तेव्हा कोण काय बोललं ते मला आठवत नाही, त्यामुळे कुणी तोंड चुकवून जाऊ नका."

बाई घड्याळ बघतायत, आणि पंगत बसायची वेळ झाली आहे. तिची गोळी जेवणानंतरची असते, तेव्हा उशीर करून चालणार नाही. मी थांबतो.